भिंगरीचा वेग आणि मामाचं तिकीट

भिंगरी दारातून आली ती थेट स्वयंपाकघरात, पायात चप्पल तशीच. आईनं ओळखलं, काहीतरी मोठं घडलंय. कारण चपलांच्या बाबतीत या पोरीइतकं कडक घरात दुसरं कुणी नव्हतं. लहानपणी वाटेत पडलेल्या एका बुटाला अडखळून तिनं कपाळाला खोक पाडून घेतली होती. तेव्हापासून सगळ्यांच्या चपला दाराशी, भिंतीला टेकून, हा तिचा कायदा होता आणि तो पाहुण्यांनाही लागू होता.

"मिळालं," ती धापा टाकत म्हणाली. "नाट्यगृहाचं काम आम्हाला मिळालं. तिकिटांची सगळी साइट आम्ही बांधतोय. आणि तपासणार मी."

आईच्या हातात अर्धा सोललेला बटाटा होता. "म्हणजे पुन्हा घरी यायला उशीर," ती म्हणाली.

"आई, तू आधी आनंद कर. काळजी जेवण झाल्यावर कर."

पण आईला ते जमायचं नाही. आनंदाच्या बातमीत काळजी कुठल्या फटीतून शिरेल ते तिला नेमकं सापडायचं. मुलगी शाळेत जायच्या आधीच तिची नजर गेली, त्या वर्षापासून आईचे कान आणि डोळे दोघींसाठी राबत होते. ती सवय आता हाडात मुरली होती.

भिंगरी हे नाव घरातलं. एका जागी टिकायची नाही, म्हणून पडलेलं. डोळे गेल्यावर ती शांत होईल असं नातेवाइकांना वाटलं होतं, पण तिनं त्या सगळ्यांना खोटं पाडलं. चालायची भरभर, बोलायची भरभर आणि ऐकायची तर अशी की शेजारी बसलेल्याच्या डोक्याला मुंग्या याव्यात. तिच्या फोनमध्ये पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा एक आवाज होता. तो तिनं एवढ्या वेगावर लावला होता की दुसऱ्याला ते कढईत मोहरी तडतडल्यासारखं वाटे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आई म्हणाली होती, "अगं, बिघडलाय हा, दुकानात दे." भिंगरी पोट धरून हसली होती.

या कामात ती पडली तेही एका संतापातून. कॉलेजच्या प्रवेशाची साइट उघडली की फोन नुसतं म्हणायचा, "बटण. बटण. बटण." कुठलं बटण कशाचं, ते सांगायचाच नाही. बांधणाऱ्यानं बटणांवर चित्रं काढली होती, नावं दिलीच नव्हती. शेवटी आईनं शेजारी बसून एकेक चित्र वाचून दाखवलं. प्रवेश झाला, पण पोरगी रात्रभर धुमसत होती. "आई, तू काय माझ्या खिशात बसून येणार आहेस जन्मभर?" आईला मनातून वाटलं होतं, का नाही?

आता भिंगरी वेबसाइट बांधणाऱ्या एका छोट्या कंपनीत होती. साइट तयार झाली की ती तपासायची. न बघता वापरता येते का, हात थरथरणाऱ्या माणसाला त्यातलं इवलंसं बटण दाबता येतं का, ऐकू न येणाऱ्याला चित्रफितीखाली अक्षरं मिळतात का. चूक सापडली की तिला जो हर्ष व्हायचा तो बघण्यासारखा असे. लोक सोनं सापडल्यावर एवढे खूश होत नाहीत.

"पण खरी गोष्ट तुला अजून सांगितलीच नाही," भिंगरी म्हणाली. "मामाला नाटकाला पाठवायचं."

आईच्या हातातला बटाटा पातेल्यात पडला.

आईचा थोरला भाऊ त्या नाट्यगृहात दारावर होता. नाटक सुरू झाल्यावर उशिरा आलेल्यांना हातातल्या बॅटरीचा इवलासा प्रकाश पायाशी टाकत खुर्चीपर्यंत न्यायचा. सगळं गाव त्याला बॅटरीमामा म्हणायचं. मग त्याचीच नजर कडेकडेनं आत मिटत गेली. "आयुष्यभर अंधारात काम केलं, मला काय नवीन आहे?" असा विनोद तो करायचा खरा, पण घरातून बाहेर पडायचा बंद झाला होता. नाटकाला नेतो म्हणणारे कमी नव्हते. मामा कुणाचंच ऐकत नव्हता.

"मी लोकांना हात धरून बसवत आलो," तो म्हणायचा. "आता मला कुणी हात धरून बसवायचं नाही. तिकीट मी काढीन, जागा मी निवडीन, तर येईन. नाहीतर माझी खिडकी आहे आणि माझा रेडिओ आहे."

आणि आता नाट्यगृह दुरुस्तीनंतर उघडणार होतं, तेही तिकीटखिडकीशिवाय. तिकीट फक्त फोनवर. म्हणजे मामाचं दार कायमचं बंद, असं आईनं धरून टाकलं होतं.

"त्याला आशा लावू नकोस गं," ती भिंगरीला म्हणाली. "जमलं नाही तर तो पार मिटून जाईल."

"जमेल."

"कशावरून?"

"मी तपासणार आहे ना."

पुढचे दिवस घरात दुसरा विषय नव्हता. साइट बांधणारा भिंगरीचा सोबती होता, त्याला ती खरखर म्हणायची. तो अडला की दाढी खाजवायचा आणि त्या आवाजावरून तिला कळायचं की घोडं कुठेतरी पेंड खातंय. मोठी अडचण होती खुर्च्यांच्या नकाशाची. सगळीकडे खुर्च्यांचं चित्र असतं, बारीक चौकोन, हव्या त्या चौकोनावर बोट ठेवायचं. फोनला ते सगळं एकच चित्र. खरखरनं आधी प्रत्येक चौकोनाला नाव दिलं, तर फोन पहिल्या रांगेपासून एकेक खुर्ची वाचत सुटला. "शेवटच्या रांगेत पोचेपर्यंत नाटक संपेल," भिंगरी म्हणाली. मग दोघांनी डोकं लढवलं. साइट आधी विचारेल, पुढे, मध्ये की मागे? मग, वाटेच्या कडेला की आत? मग उरलेल्या मोजक्या खुर्च्या सांगेल. जसं खिडकीवरचा माणूस विचारायचा, तसंच.

ते चाललं त्या संध्याकाळी भिंगरी जेवताना हातवारे करून सांगत होती आणि घास तसाच हातात होता. "मी तर बोट फिरवायच्या आत तिकीट काढते. वाऱ्यासारखं. उद्या मामाला ऑफिसात आणायचं. तो पास झाला की साइट परवा सकाळी सगळ्यांसाठी खुली. पहिलं तिकीट मामाचं."

"आणि तो अडला तर मी आहे," आई म्हणाली.

"तू नाहीस. तेच सांगायचं राहिलं. तपासणीचा नियम आहे, बघणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. खुणा नाही, सुस्कारे नाही, 'अरे बापरे' नाही."

"मी कुठे म्हणते अरे बापरे?"

बाबांनी ताटातून मान वर केली, आईकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मामा इस्त्रीचा सदरा घालून निघाला. ऑफिस म्हणजे एका जिन्यावरच्या दोन खोल्या, वायरींचं जाळं आणि खिडकीत वाळलेलं एक रोपटं. खरखर उठून उभा राहिला. "या मामा. चहा आधी की काम?"

"आधी काम. चहा कमावून पितो," मामा म्हणाला.

"मामा, एक लक्षात ठेव," भिंगरी म्हणाली. "परीक्षा तुझी नाही, साइटची आहे. तू चुकलास तर मला हवंच आहे."

"म्हणजे मला चुकायला बोलावलंयस?"

"पोटभर चूक. पण चुकणार नाहीस तू."

मामाच्या फोनमधला आवाज त्याच्या वेगानं बोलायचा, शब्द न् शब्द सुटा. बोट सरकवलं की पुढचं वाचायचा, दोनदा टिचकी मारली की निवड व्हायची, एवढं भिंगरीनं त्याला शिकवलं होतं. आई भिंतीपाशी खुर्चीवर हात मांडीखाली दाबून बसली, हात तरी काही बोलणार नाहीत म्हणून.

सुरुवात झोकात झाली. नाटक निवडलं. "पुढे, मध्ये की मागे?" फोननं विचारलं. मामानं मागे निवडलं. "वाटेच्या कडेला की आत?" कडेला. फोननं शेवटच्या रांगेतली, दाराजवळची खुर्ची सांगितली आणि मामाचा चेहरा उजळला. "हीच," तो म्हणाला. "मी हिच्याशेजारीच उभा राहायचो. हिच्यावर कधी बसलो नाही." टिचकी, टिचकी. खुर्ची राखली गेली.

आता फक्त नाव लिहायचं आणि पैसे भरायचे. मामा एकेक अक्षर शोधत होता. आई पडद्याकडे बघत होती. आणि तेव्हा तिला दिसलं. वर, उजव्या कोपऱ्यात, लाल आकडे. उलटे चाललेले. मिनिटं संपत होती आणि मामा नावाच्या दुसऱ्या अक्षरावर होता.

आईनं भिंगरीकडे पाहिलं. भिंगरी निवांत, ओठांवर हसू. खरखर त्याच्या संगणकात काहीतरी टिपत होता, त्याची पाठ होती. आईनं तोंड उघडलं. भिंगरीला तेवढाही आवाज ऐकू गेला असावा, तिचा हात येऊन आईच्या गुडघ्यावर पडला, घट्ट. आईनं मूग गिळले. आकडे शून्याला पोचले. पान बदललं.

"मुख्य पान," फोन म्हणाला. "चालू प्रयोग."

मामा थबकला. "माझं बोट कुठेतरी लागलं वाटतं." तो पुन्हा पहिल्यापासून लागला. तीच खुर्ची, तेच नाव, पण आता घाईत. घाईत अक्षरं चुकली, ती पुसण्यात आणखी वेळ गेला. लाल आकडे पुन्हा धावू लागले होते. एक शब्द, आईच्या मनात येत होतं, फक्त एक शब्द. 'दादा, लवकर.' एवढं म्हटलं की त्याचं तिकीट निघालं असतं. आयुष्यभर ती हेच करत आली होती, कुणी अडखळायच्या आत पायातला दगड उचलायचा. गुडघ्यावरचा हात तिथेच होता. आईनं डोळेच मिटून घेतले.

"मुख्य पान," फोन म्हणाला.

तिसऱ्यांदा मामानं नाव पूर्ण लिहिलं, फोन नंबरचे अर्धे आकडे लिहिले आणि पुन्हा तेच झालं. त्यानं फोन हळूच पालथा ठेवला आणि सदऱ्याची बाही नीट केली. "राहू दे पोरी. साइट चांगली आहे तुझी. माझी बोटं आता या कामाची राहिली नाहीत. चल चिमे, घरी जाऊ," तो बहिणीला म्हणाला.

भिंगरीचं हसू मावळलं. खोलीत खरखर ऐकू आली, दाढीवरची.

"मामा, बस," ती म्हणाली. "बघणाऱ्यांनी शेवटी काय दिसलं ते सांगायचं असतं. आई, आता बोल."

धरण फुटावं तसं आईचं झालं. "अगं, घड्याळ आहे ना वर! कोपऱ्यात, लाल, उलटं जाणारं. ते संपलं की पान पळून जातं. तीनदा पळालं. त्याचं बोट कुठेही लागलेलं नाही."

"कसलं घड्याळ?" भिंगरी म्हणाली.

मग खरखर घसा साफ करत म्हणाला, "राखलेली खुर्ची सोडवायचं घड्याळ. सात मिनिटांचं. लोक खुर्च्या अडवून बसतात ना, म्हणून. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनी मागितलं होतं."

"मला कधी ऐकू आलं नाही ते."

"त्याला आवाज द्यायचा मी विसरलो. आणि तुला ते कधी लागलंच नाही. ते अर्ध्यावर यायच्या आत तू तिकीट काढून मोकळी होतेस."

भिंगरी उठून उभी राहिली. आता ही रडणार, असं वाटून आई पुढे झाली. पण भिंगरीच्या चेहऱ्यावर भलतंच होतं. "सापडलं," ती म्हणाली. तिनं दोन्ही हातांनी मामाचा दंड धरला. "मामा, इतके दिवस मी या साइटवरून धावत होते, म्हणून खड्डा कळलाच नाही. नुसती उडी मारून जात होते. तू चालत आलास म्हणून सापडला. उद्या अशी किती माणसं पडली असती यात, आणि सगळी म्हणाली असती, माझंच बोट चुकलं."

"म्हणजे चूक माझी नव्हती?" मामा म्हणाला.

"माझी होती. नव्वद टक्के माझी."

"आणि माझी?" खरखरनं विचारलं.

"तुझीही नव्वद टक्के."

मामा खुर्चीत पुन्हा नीट बसला. "चहा सांगा आता," तो म्हणाला. मग जरा वेळानं, कप हातात घेऊन, "एक विचारू? खुर्ची सोडवायची तर खुशाल सोडवा. पण न सांगता? चुकीच्या खुर्चीवर बसलेला माणूस मीही उठवायचो. पण आधी वाकून, हळूच कानाशी सांगायचो. नाटक चालू असताना कॉलर धरून नाही उठवायचं कुणाला."

"कानाशी," भिंगरी म्हणाली. "खरखर, ऐकलंस? संपायच्या आधी कानाशी सांगायचं. आणि विचारायचं, आणखी वेळ हवा का."

"व्यवस्थापक ऐकतील?"

"फोन लाव. मी बोलते."

ती काय बोलली ते आईला पूर्ण कळलं नाही, कारण ती तिच्या नेहमीच्या वेगात बोलत होती आणि पलीकडच्या माणसाला फक्त "बरं" म्हणायला जागा मिळत होती. त्यानं बरेचदा बरं म्हटलं. विचारल्यावर जो हो म्हणेल त्याला वेळ वाढवून मिळेल आणि जो उत्तरच देणार नाही त्याची खुर्ची सुटेल, असं ठरलं.

खरखर कामाला बसला. त्याचं झाल्यावर भिंगरीनं आपला फोन काढला आणि आईनं कधी पाहिलं नव्हतं ते केलं. आवाजाचा वेग कमी केला, आणखी कमी केला, अगदी मामाच्या फोनइतका.

"आता मी गोगलगाय," ती म्हणाली. "पहिल्यापासून सगळं पुन्हा."

फोन बोलू लागला. आणि आईला प्रत्येक शब्द कळत होता. इतकी वर्षं लेकीच्या कानाशी जी मोहरी तडतडत होती, ती माणसासारखी बोलत होती. शांत, जरा शिष्ट, शिकवणीच्या बाईंसारखी. भिंगरी कंटाळून पाय हलवत होती, जांभया देत होती, पण बोट घाई करत नव्हतं. नावाशी आल्यावर ती मुद्दाम थांबली. सगळेच थांबले. मामानं चहाचा कप अधांतरी धरला होता.

"आपली खुर्ची राखून ठेवायची वेळ संपत आली आहे," फोन म्हणाला. "आणखी वेळ हवा असल्यास दोनदा टिचकी मारा."

मामा हसला. "वाकला बघ. बरोबर वाकला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा त्यांच्याच घरी, जेवणाच्या टेबलापाशी. तिकिटं खुली व्हायच्या कितीतरी आधीपासून तो फोन समोर घेऊन बसला होता आणि आई चौथ्यांदा टेबल पुसत होती. चपला भिंतीला टेकलेल्या होत्या. भिंगरी मामाच्या मागे उभी, हात पाठीशी बांधून. कालचा नियम आज तिनं स्वतःलाच लावला होता.

नाटक. मागे. कडेला. खुर्ची राखली गेली. नाव, एकेक अक्षर. नंबरापाशी फोननं वाकून कानाशी सांगितलं, मामानं दोनदा टिचकी मारली आणि संथपणे पुढे गेला, जसा तो कधीकाळी नाटक चालू असताना गर्दीच्या रांगांमधून जायचा. पैसे भरताना जरा अडखळला. आईनं ओठ चावला. मग फोन म्हणाला, "आपलं तिकीट निघालं आहे. शेवटची रांग, वाटेच्या कडेची खुर्ची."

भिंगरीनं मामाच्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि तशीच उभी राहिली.

"जाशील कसा?" आईच्या तोंडून गेलंच.

"रिक्षानं दारापर्यंत. दारातून आत मला कुणी शिकवायचं नाही. खुर्च्या नव्या असतील, पायऱ्या त्याच आहेत." मामानं फोन खिशात ठेवला. "आता तू काढ तुझं."

"माझं?"

"नाटक बघायचं नाही तुला? काढ. आणि माझ्या शेजारची घेऊ नकोस. स्टेजवर काय चाललंय ते तू माझ्या कानात सांगत बसशील."

आईनं फोन हातात घेतला. साइट खरंच सोपी होती. मागे, कडेला. दादाच्या शेजारची खुर्ची मोकळी होती. तिचं बोट तिच्यावर गेलं आणि मागे आलं. त्याच्या पुढच्या रांगेतली? मग तो दिसणार कसा? अगदी दुसऱ्या टोकाची? तो मधेच उठला तर? ती खुर्ची निवडायची, विचार करायची, सोडायची, दुसरी निवडायची. वरच्या कोपऱ्यातले आकडे उलटे धावत होते.

"आई, झालं?" भिंगरीनं विचारलं.

"थांब जरा. मलाच विचारतोय हा, आणखी वेळ हवा का म्हणून."

"मग?"

"घेतला," आई म्हणाली.

शेवटी तिनं मधली वाट सोडून पलीकडची खुर्ची घेतली. त्याच रांगेत. शेजारी नाही, पण हात लांब केला तर पोचेल अशी.